यंत्राचा होकार आणि मालकाची रजामंदी

गेल्या शव्वाल महिन्यातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून जमात पांगली होती. मी पंखे बंद करीत असताना मोहल्ल्यातला एक तरुण खांबाशी घुटमळताना दिसला. त्याचे मोबाइल रिचार्जचे छोटेसे दुकान आहे. पाच वेळेचा नमाजी, आईबापांची मनापासून सेवा करणारा मुलगा. त्याला एक मसला विचारायचा होता, पण विचारावा की न विचारावा हे त्याचे ठरत नव्हते.

आमच्या गावाबाहेर महामार्गालगत एक मोठा सुपरबाजार उघडला आहे. मोबाइल क्रमांक देऊन जो नवा सभासद होईल, त्याला ५०० रुपयांवरील पहिल्या खरेदीत १०० रुपये सूट मिळते. ही सूट एका कुटुंबाला एकदाच, असे शर्तींत लिहिलेले आहे. या तरुणाने प्रथम स्वतःचा क्रमांक दिला, नंतर पत्नीचा, आईचा, सासऱ्यांचा, मग कुवेतला असलेल्या भावाचा इथला क्रमांक आणि शेवटी दुकानात पडून असलेली काही सिमकार्डे. असे १२ सभासद झाले. पहिली सूट हक्काची होती, उरलेल्या ११ सुटींचे ११०० रुपये झाले.

"मौलाना, मशीन घेतं की," तो म्हणाला. "चुकीचं असतं तर मशीननंच नाही म्हटलं असतं. कुणाच्या खिशात हात घातला नाही, चोरी केली नाही. मग हे हलालच ना?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी ये, असे सांगितले. त्याला वाटले असावे, मौलाना किताबे पाहणार आहेत. किताबे पाहिलीही, परंतु विलंबाचे खरे कारण निराळे होते. ते पुढे सांगतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ग्राहकाची प्रत्येक हुशारी पाप नव्हे. दीनदार माणसे कधी कधी या बाबतीत विनाकारण संकोचतात. एखादा दुकानदार साखर खरेदीच्या भावापेक्षाही स्वस्त विकतो. साखरेसाठी आलेला माणूस इतर चार वस्तूही घेईल, अशी त्याची अटकळ असते. तुम्ही फक्त साखर घेतली आणि घरी आलात, तर तुमच्यावर कसलाही दोष नाही. सभासदांना दिलेले पॉइंट बरेच लोक विसरून जातील, असा व्यापाऱ्याचा हिशेब असतो. तुम्ही विसरला नाहीत आणि मुदतीच्या आदल्या दिवशी सगळे वापरले, तरीही दोष नाही. व्यापाऱ्याला हे आवडणार नाही. पण त्याने त्याला संमती दिलेली आहे. पसंती आणि संमती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सूरह निसामध्ये अल्लाहने एकमेकांचे धन अन्यायाने गिळण्याची मनाई केली आणि परस्परांच्या रजामंदीने होणारा व्यापार त्यातून वगळला. तिथे अट रजामंदीची आहे, आनंदाची नाही.

अमेरिकेतले एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. १९९९ साली तिथल्या एका खाद्यपदार्थ कंपनीने आपल्या वेष्टनांवरील पट्ट्या पाठवणाऱ्यांना विमानप्रवासाचे मैल देऊ केले. कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स नावाचे अभियंता दुकानात हिशेब करू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की त्याच कंपनीची पुडिंगची छोटी वाटी अवघ्या २५ सेंटला मिळते आणि पट्टी तिच्यावरही आहे. त्यांनी १२ हजारांहून अधिक वाट्या खरेदी केल्या. खर्च तीन हजार डॉलरांच्या थोडा वर गेला आणि मैल मिळाले १२ लाखांहून अधिक. इतक्या पट्ट्या मुदतीत सोलणे एका घराला शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी वाट्या एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकल्या आणि तिथल्या स्वयंसेवकांनी पट्ट्या सोलून दिल्या. कंपनीने आपला शब्द पाळला.

माझ्या मते या माणसाने काही वावगे केले नाही. त्याने खोटे नाव सांगितले नाही, शर्त मोडली नाही, आणि खाण्याची वस्तूही उकिरड्यावर गेली नाही. हे शेवटचे मी मुद्दाम सांगतो, कारण ते पुडिंग त्याने फेकून दिले असते तर इस्राफचा, म्हणजे उधळपट्टीचा, निराळा प्रश्न उभा राहिला असता. व्यापाऱ्याचा अंदाज चुकला, पण अंदाज हा त्याचा धंदा आहे. १९९२ साली इंग्लंडमध्ये हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन तिकिटे फुकट जाहीर केली आणि तिला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला. वचन पूर्ण करता येईना तेव्हा ग्राहक न्यायालयात गेले. त्यांचे काय चुकले? वचन कंपनीनेच दिले होते.

मग आमच्या तरुणाचे काय चुकले? त्याच्या आणि त्या अभियंत्याच्या हुशारीत फरक एवढाच की याला १२ वेळा 'मी नवा माणूस आहे' असे सांगावे लागले आणि त्यातले ११ वेळा ते खरे नव्हते. सूट देणाऱ्याने कुटुंबाला एकदा देण्याचे कबूल केले होते. दुसऱ्यांदा दिली ती त्याने दिलीच नाही. त्याची गैरसमजूत करून घेतली गेली. शर्त हलालला हराम आणि हरामला हलाल करीत नसेल, तर मुसलमान आपल्या शर्तींना बांधलेला असतो, हा तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांतून आलेल्या हदीसचा आशय आपण निकाहात आठवतो, भागीदारीत आठवतो. बारीक अक्षरांत छापलेल्या शर्तीला मात्र तो लागू नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे.

आणि तरीही, 'मशीन घेतं' हा त्याचा मुद्दा मला हलका वाटला नाही. आजच्या काळातला तो फार मोठा मुद्दा आहे. आपल्या आजोबांच्या काळी वाण्याच्या गादीवर जाऊन 'मी कालचा माणूस नव्हे, नवाच आहे' असे सांगायला छाती लागली असती. आज समोर डोळे नाहीत. क्रमांक टाकला, हिरवी खूण उमटली, काम झाले. ती हिरवी खूण आपल्याला मालकाच्या होकारासारखी वाटते.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस इथे मला निर्णायक वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, मी माणूसच आहे, तुम्ही तंटे घेऊन येता, तुमच्यापैकी एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा प्रभावीपणे मांडतो आणि ऐकले त्यावरून मी निकाल देतो, परंतु अशा निकालाने ज्याला आपल्या भावाचा हक्क मिळाला, त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. विचार करा, वाचकहो. न्यायासनावर साक्षात अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत, निकाल त्यांच्या मुखातून आलेला आहे, तरी त्या निकालाने परक्याचे धन हलाल होत नाही. मग सुपरबाजारातल्या संगणकाच्या हिरव्या खुणेने ते कसे होईल?

आपल्या फुकहांनी म्हणूनच दोन हिशेब वेगळे ठेवले आहेत. एक कजाचा, म्हणजे काजीपुढचा. दुसरा दियानतचा, म्हणजे बंदा आणि अल्लाह यांच्यामधला. आम्ही कोकणातले लोक बहुतांशी शाफई, घाटावरचे बांधव बहुतांशी हनफी. व्यवहाराच्या बाह्य स्वरूपावरून निकाल द्यावा, नीयत अल्लाहवर सोपवावी, याकडे शाफई फिकहचा कल अधिक आहे. काही जण यातून सोयीचा अर्थ काढतात की बाहेरून व्यवहार साफ दिसला म्हणजे झाले. नाही. काजीने नीयत अल्लाहवर सोपवली म्हणजे ती माफ केली असे नव्हे. तो खटला वरच्या न्यायालयात गेला, एवढेच.

फिकहमध्ये पळवाटेला 'हीला' म्हणतात. हा शब्द नेहमीच वाईट अर्थाचा नाही. खैबरहून एक अधिकारी उत्तम खजूर घेऊन आला. हलक्या खजुराची दोन मापे देऊन उत्तम खजुराचे एक माप घेतो, असे त्याने सांगितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि मार्गही दाखवला की हलका खजूर दिरहम घेऊन विकावा आणि त्या दिरहमांनी चांगला विकत घ्यावा. ही व्याजातून सुटण्याची वाट होती. तिच्यात कुणाचा हक्क बुडत नव्हता. याच्या उलट सूरह आराफमधील समुद्रकाठच्या वस्तीची कथा आहे. शनिवारी मासेमारी मना होती आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर येत. मुफस्सिरांनी सांगितले आहे की त्या लोकांनी शुक्रवारी जाळी लावून ठेवली आणि रविवारी जाऊन मासे गोळा केले. शनिवारी कुणी पाण्याला हात लावला नाही. नियमाचे अक्षर शाबूत राहिले, आणि त्यांचे पुढे काय झाले ते कुरआनच्या वाचकाला ठाऊक आहे. इमाम बुखारींनी आपल्या सहीहमध्ये हील्यांवर स्वतंत्र प्रकरण ठेवले आणि त्याच्या आरंभी नीयतची हदीस आणली, यात त्यांचे म्हणणे स्पष्ट होते.

या विषयावर बोलताना आपण बहुधा दुकानदाराला उपदेश करतो. ओल्या धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातल्याची हदीस प्रत्येक खुतब्यात येते. परंतु ग्राहकही विक्रेत्याला फसवू शकतो, हे शरीयतने फार पूर्वी ओळखले होते. बाजारभाव ठाऊक नसलेल्या काफिल्याला शहराबाहेर गाठून त्याचा माल घेण्याची मनाई आहे. कुणी तसा घेतलाच, तर बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार मालवाल्याला दिलेला आहे. तिथे विक्रेता अजाण होता आणि खरेदीदार हुशार.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची गोष्ट तबरानीच्या रिवायतीत आहे. त्यांच्या सेवकाने ३०० दिरहमला घोडा ठरवला आणि पैसे चुकते करण्यासाठी मालकाला घेऊन आला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि म्हणाले, तुझा घोडा ३०० पेक्षा चांगला आहे, ४०० ला देतोस का? असे करत करत ते स्वतःच ८०० पर्यंत गेले आणि तेवढे दिले. कारण प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत त्यांनी प्रेषितांकडे (स.) केली होती. प्रत्येकाने जरीर व्हावे असे मी म्हणत नाही. माझ्याच्याने ते झाले नसते. परंतु छापण्यात चूक होऊन ४९०० ची वस्तू ४९ ला दिसली, की रातोरात दहा नग मागवणारे आपण त्या घोड्याच्या व्यवहारापासून किती दूर आलो आहोत, एवढे तरी दिसावे.

आता एक युक्तिवाद, जो त्या तरुणाने केला नाही पण इतर अनेक जण करतात. कंपनी अब्जावधींची आहे, आपल्या लोकांची नाही, आणि तीच आपल्याला रोज लुटते. यातल्या शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे. आधी किंमत फुगवायची आणि मग सूट दाखवायची. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवायची. सभासदत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करायचे. या प्रकारांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची नोंद केली. १९१५ या क्रमांकावर ग्राहकाला तक्रार करता येते. मुसलमान घरांतून तशी तक्रार क्वचितच जाते, असा माझा अनुभव आहे. अन्याय झाला तर उभे राहून सांगावे. गुपचूप ११ सिमकार्डे घालून त्याची भरपाई करणे हा न्याय नव्हे, कारण किती बुडाले आणि किती वसूल झाले याचा हिशेब तिथे कुणीच ठेवीत नाही.

'आपल्या लोकांची नाही' या म्हणण्याला मात्र मी जागा देत नाही. हिजरतच्या रात्री ज्यांनी प्रेषितांना (स.) ठार करण्याचा बेत केला, त्याच मक्कावासीयांच्या अमानती परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले गेले. मुगीरा बिन शोअबा (रजि.) यांनी इस्लामपूर्व काळात आपल्या सोबत्यांना दग्याने मारून त्यांचा माल घेतला होता आणि नंतर ते मदीनेला आले. प्रेषितांनी (स.) त्यांचा इस्लाम स्वीकारला, पण त्या मालाशी आपला संबंध नाही असे स्पष्ट सांगितले. सोबती मुश्रिक होते. दगा तरीही दगाच होता.

आणि कंपनी अब्जावधींची असली तरी तोटा कुठे उतरतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्या मुलींना विचारावे. त्यातली एक आमच्याच मोहल्ल्यातली आहे. ज्या ग्राहकाकडे कार्ड नाही, त्याच्या बिलावर तिथले काही जण स्वतःचा क्रमांक टाकून पॉइंट गोळा करीत. एके दिवशी नोंदी तपासल्या गेल्या. एकाची नोकरी गेली आणि बाकीच्यांवर, हिच्यावरही, पाळत आली. हिने काही केले नव्हते. जकात गोळा करून आलेला एक अधिकारी 'हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले' असे म्हणाला, तेव्हा प्रेषित (स.) मिंबरवर गेले आणि विचारले की हा आईबापांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? गल्ल्यावर बसलेल्याने आपल्या क्रमांकावर जमलेल्या पॉइंटांना हाच प्रश्न विचारावा.

हा प्रश्न लिहिताना मी थांबतो, कारण त्या रात्री तरुणाला उत्तर न देण्याचे कारण इथे आहे.

रमजानमध्ये मशिदीच्या इफ्तारसाठी खजूर, सरबत, बेसन, तेल यांची खरेदी मी करतो. पैसा चंद्याचा असतो. या रमजानमध्ये त्याच सुपरबाजारात, चार खेपांत मिळून ४१,६०० रुपयांची खरेदी झाली. गल्ल्यावर दर वेळी क्रमांक विचारला गेला आणि दर वेळी मी माझा सांगितला. त्यात विचार असा काही नव्हता. मशिदीचा क्रमांक कोणता सांगणार? १०० रुपयांना एक पॉइंट, म्हणजे ४१६ रुपये माझ्या खात्यात जमले. ईदच्या दोन दिवस आधी त्यातून मी मुलांसाठी बिस्किटे आणि केसांचे तेल आणले. बिले खजिनदारांकडे दिली होती, पैचा फरक नव्हता. पॉइंट कुठल्याच बिलात दिसत नाहीत. आणि मी आईबापांच्या घरी बसून राहिलो असतो, तर ते माझ्याकडे आले नसते.

तो तरुण 'मशीन घेतं' म्हणाला, तेव्हा मला आधी ती बिस्किटे आठवली. मशिदीत उभे राहून त्याला मसला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा मी त्याला माझी हकीकत आधी सांगितली, मग त्याची. पहिल्यांदा तो हसला, मग गप्प झाला. "आता परत कसं करायचं?" हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो प्रामाणिक होता. परक्याचे धन मालकाकडेच परत गेले पाहिजे. मालक सापडत असताना ते सदका करून सुटता येत नाही. इथे मालक सापडतो, पण पैसे घेणारी खिडकी नाही. तो सुपरबाजाराच्या व्यवस्थापकाकडे गेला. त्याने आश्चर्याने पाहिले, ११ खाती बंद केली आणि पैसे परत घेण्याची सोय नाही म्हणून सांगितले. फुकहांनी म्हटले आहे की हक्क मालकापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. कोणत्या कारणाने आला हे त्याला कळलेच पाहिजे असे नाही. म्हणून आम्ही असे ठरवले की त्याच्या स्वतःच्या, खऱ्या खात्यात यापुढे जे हक्काचे पॉइंट जमतील, ते ११०० रुपये भरेपर्यंत त्याने वापरू नयेत, मुदत संपून जाऊ द्यावेत. दीड-दोन वर्षे लागतील. एक वही त्याने केली आहे.

माझे ४१६ मात्र सुपरबाजाराचे नव्हते. ते चंदा देणाऱ्यांचे होते. जुम्याच्या नमाजनंतर विश्वस्तांची बैठक असते, तिथे मी ते मांडले. एक-दोघे म्हणाले, मौलाना, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात, तुम्ही उन्हात हमाली केलीत, ते तुमचेच समजा. विश्वस्तांनी आधी सांगून दिले असते तर ते माझे झाले असते, हे खरे. पण आधी कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. खजिनदार चाचांनी काहीच न बोलता पावतीपुस्तक काढले. रक्कम लिहिली, माझे नाव लिहिले, आणि 'कशाबद्दल' या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले. पॉइंट असा रकाना आमच्या हिशेबात नाही. शेवटी त्यांनी लिहिले, 'इफ्तार खरेदी, परत', आणि पुढच्या रमजानसाठी मशिदीच्या नावाने एक वेगळा मोबाइल क्रमांक घ्यावा, असा ठराव त्याच बैठकीत झाला.